व्हॉल्व्ह तापेपर्यंत

व्हॉल्व्हचं मशीन बटण दाबलं की लगेच बोलत नाही. काचेच्या नळीत एक बारीक तार असते. ती आधी लालसर होते, मग पुरती तापते, मग कर्ण्यातून थोडी घरघर येते आणि तिच्यामागून आवाज. एवढ्या वेळात मनातल्या मनात वीस-पंचवीस आकडे मोजून होतात. पण आजकाल थांबतं कोण? गिऱ्हाईक बटण दाबतं आणि तीन मोजायच्या आत म्हणतं, "अजून बिघडलेलंच आहे की हो!"

ओळखीच्या पगारेबाई दिवाळीला बायकांचा एक लहानसा अंक काढतात. "तुमच्या कामाबद्दल लिहा," असं त्यांनी तीनदा सांगितलं. मी तीनदा हसून मान हलवली. मग एक दिवस दोनशे पानी वही आणून लिहायलाच बसले. त्यांना द्यायचं की नाही ते नंतर बघू. माझं शिक्षण चौथी, तेही निफाडजवळच्या खेड्यातल्या मराठी शाळेत. घरात आम्ही हिंदी बोलतो, पण लिहिता येतं ते मराठीच.

नाशिकला भद्रकालीच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या आहेत. तिथे आम्ही जुने, व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. लग्नाच्या मांडवात, उरुसात, भजनात पूर्वी जी लोखंडी पेटी असायची आणि तिला माइक अन् कर्णा जोडलेला असायचा, ती पेटी म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. आम्ही नुसतं मशीन म्हणतो. माझ्या नवऱ्याला सगळी गल्ली मिस्त्री म्हणते, म्हणून मीही मिस्त्रीच लिहिते. त्यांचं नाव मी आजवर तोंडानं घेतलेलं नाही. लिहिलं मात्र पुष्कळ वेळा. ते कसं, ते पुढे येईलच.

मी या कामात शिरले ती तारेच्या वाटेनं. अंबडच्या एका छोट्या कारखान्यातून मी घरी वाइंडिंगचं काम आणायची. ट्रान्सफॉर्मर म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे. केसाएवढी तार, एकावर एक हजारो वेढे, दर थराला कागद. एक वेढा चुकला तर पुढचं सगळं वाया. मोजताना कुणाशी बोलता येत नाही, आणि मला तसंही बोलता येत नव्हतं. पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात, आणि सासू म्हणायच्या, "मुँह में ताला लगा के आई है." वाइंडिंगला तेच कामाला आलं. मिस्त्रींनी माझे वेढे पाहिले आणि आपले जळके ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे द्यायला लागले. मग डाग कसा मारायचा ते शिकवलं. डाग म्हणजे कथिल वितळवून तार जोडणं. चांगला डाग चकचकीत आणि छोटा असतो, वाईट डाग चघळलेल्या च्युइंगमसारखा दिसतो.

कामाचे दोन नियम त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितले. चालू मशीनमध्ये हात घालायचा तर एकच, दुसरा कमरेमागे ठेवायचा. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो. आणि बांगड्या काढायच्या. मी बांगड्या काढून खिडकीतल्या वाटीत ठेवते. खिडकीत वाटी दिसली की शेजारणी समजतात, आत मशीन उघडलेलं आहे, आता हिला हाक मारायची नाही.

दुरुस्ती म्हणजे फार जादू नाही. मशीन कधीच सरळ भिंतीच्या प्लगात घालायचं नाही. मध्ये एक साधा बल्ब जोडायचा. बल्ब भप्पकन पेटला आणि तसाच राहिला, तर आत कुठेतरी तारांची गाठ पडली आहे. पेटून हळूहळू मंद झाला, तर मशीनला आशा आहे. मग वाळलेले कंडेन्सर, म्हणजे वीज साठवायच्या डब्या, बदलायचे. नवे कंडेन्सर बोटाच्या पेराएवढे येतात. ते आम्ही जुन्या कंडेन्सरच्या पोकळ केलेल्या डबीत लपवतो, म्हणजे पेटी उघडली तरी ती आजोबांच्या वेळचीच दिसते. काम झालं की खालच्या झाकणाच्या आत पेन्सिलीनं मिस्त्रीचं नाव आणि तारीख लिहायची, अशी जुनी रीत आहे. एकेका झाकणात चार-चार नावं असतात. कुणी मनमाडचा, कुणी येवल्याचा. माणूस गेलेला असतो आणि त्याचा डाग अजून शाबूत असतो.

मी लिहायची 'यूसुफ'. तोंडानं न घेतलेलं नाव पेन्सिलीनं.

कारण असं की मिस्त्रींचा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या बशीत, मग कामात. कथिल भलत्याच तारेवर पडायचं. डॉक्टर म्हणाले, थोडं कमी होईल, जाणार नाही. मिस्त्री म्हणाले, "चार दिन तू देख ले." त्या चार दिवसांची वर्षं झाली. पुढच्या खोलीत मिस्त्री बसायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे, मशीन घेऊन पडद्याआड यायचे. पडद्यामागे चुलीशेजारी माझं टेबल. हात माझे, नाव त्यांचं. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं, पण खरं सांगायची वेळ रोज एक दिवस पुढे जात राहिली. गिऱ्हाईक यायचं ते यूसुफ मिस्त्रीच्या हातासाठी. तो हात चौथी शिकलेल्या बाईचा आहे हे कळलं, तर कोण आजोबांची पेटी ठेवून जाईल? मला तर त्या पडद्याचा आधारच होता.

अडचण एकच. गिऱ्हाईक मिस्त्रींना विचारायचं, "ट्रान्सफॉर्मर नवा भरावा लागेल का?" आणि मशीन मिस्त्रींनी उघडलेलंच नसायचं. मग आम्ही चमच्याची युक्ती काढली. मी पेल्यावर चमचा वाजवायची. एकदा वाजला तर हो, दोनदा वाजला तर नाही. मिस्त्री डोळे मिटून विचार केल्यासारखं करायचे, चमचा वाजला की डोळे उघडून निकाल द्यायचे. एक गिऱ्हाईक मला ऐकू येईल असं म्हणालं, "मिस्त्री, वहिनी चहा फारच ढवळतात हो!"

गंगापूर रोडचा एक तरुण आला होता. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यानं मशीन आणलं होतं. ते गात होतं छान, पण व्हॉल्व्हच्या उजेडावर त्याचं समाधान नव्हतं. "चाचा, हे बल्ब जरा जास्त पेटवता येतील का? फोटोत दिसत नाहीत." मी चमचा दोनदा वाजवला. मिस्त्री 'नाही' म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं, "थोडेसे?" मी चमचा असा आपटला की पेल्याला पोचा आला. तो पेला अजून आहे.

ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले पगारेसाहेब आले ते या चमच्याच्या दिवसांत. तिथे ते इन्स्पेक्टर होते. आयुष्यभर भिंगातून सुटे भाग तपासलेले. भिंग निवृत्तीनंतरही शर्टाच्या खिशात. त्यांनी रिक्षातून एक मशीन उतरवलं. त्यांच्या वस्तीत गायन पार्टी होती, वर्गणी काढून तिनं ते कधीकाळी घेतलेलं. पार्टीचे मुख्य गायक त्यांचे चुलते, तात्या. वय ऐंशीच्या पुढे.

"बुद्धपौर्णिमेला तात्यांना गायचंय," पगारेसाहेब म्हणाले. "नवे स्पीकर लावून पाहिले. म्हणतात, त्या डब्यात मला माझा आवाज सापडत नाही. हेच मशीन पाहिजे. पुढच्या वर्षी गळा राहील का, सांगता येत नाही. म्हणून मिस्त्री, काम तुमच्याच हातचं हवं. दुसऱ्या कुणाला देऊ नका, आत्ताच सांगून ठेवतो."

मिस्त्री खाकरले. मग म्हणाले, "काळजी नको साहेब."

पडद्यामागे मी चमचा खाली ठेवला. यात वाजवण्यासारखं काही नव्हतं.

मशीन वाईट अवस्थेत होतं. आत उंदरानं घर केलेलं, तेही लग्नपत्रिकेचे तुकडे करून. लाल वायर सगळी खाल्लेली, काळीला दात लावलेला नव्हता. मोठा ट्रान्सफॉर्मर जळलेला. तसा आता मिळत नाही. मी तो उलटा सोडवला, एकेक वेढा मोजत. तीन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी शेजारीण बांगड्यांची वाटी न बघता "जुबेदा, दही है क्या?" म्हणून आत आली आणि माझा आकडा गेला. मी तिला दही दिलं, सोडवलेली तार परत गुंडाळली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. त्याच मापाची तार आणून तेवढेच वेढे भरले. बल्ब लावून बटण दाबलं. बल्ब पेटला, आणि हळूहळू डोळा मिटावा तसा मंद झाला. माइकवर मी बोटानं टिचकी मारली. कर्ण्यातून अशी टिचकी आली की पुढच्या खोलीत मिस्त्री "वाह!" म्हणाले. झाकणात मी नेहमीप्रमाणे 'यूसुफ' लिहिलं.

तिथेच थांबायला हवं होतं.

पण दुसऱ्या दिवशी पगारेसाहेब येणार होते आणि व्हॉल्व्ह मला मळकट वाटले. आमच्यात ईद आली की फळीवरची सगळी भांडी एकदम खाली काढायची, घासायची, पुसायची आणि पुन्हा लावायची. मी सहाही व्हॉल्व्ह उपटून ताटात घेतले आणि ओल्या फडक्यानं पुसून लखलखीत केले. मिस्त्रींनी मागे एकदा सांगितलं होतं, "काच को गीला हाथ मत लगा." मला वाटलं होतं, ते शॉकच्या भीतीनं सांगतात. व्हॉल्व्ह पुसून झाले आणि माझ्या लक्षात आलं, काचेवरचे पांढरे नंबर फडक्यावर आले आहेत.

मोठे तीन व्हॉल्व्ह मी आकारावरून ओळखले असते. लहान तीन मात्र बाहेरून सारखे. त्यांतले दोन एका नंबराचे, तिसरा वेगळा. चुकीच्या खणात बसला तर आतली तार जळते, आणि तो नंबर कुठल्याच दुकानात मिळत नव्हता. करून बघू म्हणायची सोय नाही. पौर्णिमा तीन दिवसांवर. मी मिस्त्रींना काही सांगितलं नाही. ताटावर कापड झाकून ठेवलं.

सकाळी पगारेसाहेब आले. मी चहाचं आधण ठेवलं होतं आणि तीन लहान व्हॉल्व्हपैकी एक हातात धरून खिडकीच्या उजेडात पुन्हा पुन्हा फिरवून बघत होते. तेवढ्यात मिस्त्री आत येऊन आधी मशीन, मग ताट उचलून घेऊन गेले.

"मशीनच्या आधी व्हॉल्व्ह बघू," साहेबांचा आवाज आला. "नंबर टिपून ठेवतो." मग व्हॉल्व्ह ताटात एकेक करून ठेवल्याचा आवाज. मग, "मिस्त्री, नंबर कुठे गेले?"

"जुना माल आहे साहेब. उडाले असतील."

"मी आणले तेव्हा होते. भिंगानं वाचलेत मी. आणि पाचच कसे?"

मिस्त्री ताटातले व्हॉल्व्ह मोठ्यानं मोजायला लागले.

"आमच्याकडे नंबर नसलेला पार्ट थेट भंगारात जायचा. सोन्याचा असला तरी! आता कोणता कुठे बसवायचा, ते तुम्हाला कळतं का?"

"कळतं ना," मिस्त्री म्हणाले आणि मग पडद्याकडे तोंड करून जरा मोठ्यानं, "कळतं ना, कोणता कुठला?"

चमचा माझ्या हातात होता. एकदा वाजवू की दोनदा, मला कळेना. खोटं 'हो' वाजवलं तर तात्यांचं मशीन जळणार. खरं 'नाही' वाजवलं तर मिस्त्रींचं नाव. चहा उतू जायला आला. आच कमी करायला मी वाकले. व्हॉल्व्ह दुसऱ्या हातात होता, त्याला वाफ लागली. काच धुरकट झाली आणि त्या धुरकटात नंबर उभा राहिला. थंडीत आरशावर बोटाचा जुना ठसा दिसावा तसा. लगेच गेला. पुन्हा वाफेवर धरला, पुन्हा आला.

"आला! नंबर आला!" असं ओरडत मी पडद्याबाहेर गेले. परक्या गिऱ्हाइकापुढे तोंडातून निघालेले माझे पहिले शब्द ते. ओढणीही कुठे होती कुणास ठाऊक.

पगारेसाहेबांनी माझ्या हातातल्या व्हॉल्व्हकडे पाहिलं. काच कोरी. वाफ विरली होती.

"कुठे?" ते म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण परत आत जायला वाट साहेबांच्या खुर्चीवरून होती. मी व्हॉल्व्ह तोंडाशी नेला आणि 'हा' करून वाफ सोडली. नंबर आला. साहेबांनी झटकन भिंग लावलं. "अरे! परत करा, परत करा!" मग आम्ही तिघं एकेक व्हॉल्व्ह घेऊन 'हा, हा' करत बसलो. रस्त्यावरून कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं! सहाही नंबर साहेबांनी कागदावर लिहिले आणि चिठ्ठ्या करून व्हॉल्व्हना बांधल्या.

तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या बोटांवर गेलं. कथिलाचे चटके, मनगटावर बांगडी नाही.

"मिस्त्री, तुमचा हात दाखवा," ते म्हणाले.

मिस्त्रींनी हात पुढे केला. तो थरथरत होता. लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. "डाग माझ्यानं होत नाही साहेब. काम ती करते. वेढे, डाग, सगळं. मी फक्त बसतो."

साहेबांनी मशीन जवळ ओढलं. मशीन उलटं करून त्यांनी झाकण काढलं आणि भिंग लावून एकेक डाग बघायला लागले. मी फरशीकडे बघत उभी. मशीन आता उचलून नेतील, तात्यांचं गाणं राहील, आणि उद्यापासून गल्लीत बोललं जाईल, एवढंच डोक्यात. आत चहा उतू गेला. वास आला, पण मी हलले नाही.

झाकणावर भिंग थांबलं. "हे यूसुफ कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं.

"मग हे चूक आहे. ज्यानं काम केलं त्याची सही. एकाच्या कामावर दुसऱ्याची सही आमच्याकडे चालत नव्हती." भिंग खिशात ठेवून ते म्हणाले, "भाभी, मशीन पास. सही नापास."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा घाईघाईनं मी ते नाव पुसायला ओलं फडकं उचललं.

"थांबा!" साहेब ओरडले. "ते फडकं आधी खाली ठेवा!"

मिस्त्री इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाले, "साहेब, माझं नाव राहू द्या. शिकवलं तर मीच आहे. ती खाली लिहील."

मी लिहिलं. चौथीतल्या मुलीचं अक्षर: 'जुबेदा'. पेन्सिलीचं टोक मोडलं, म्हणून शेवटचा काना फिकट आहे.

त्यानंतर मिस्त्रींनी येईल त्या गिऱ्हाइकाला खरं सांगायला सुरुवात केली. बहुतेकांना काही वाटलं नाही. चहा ढवळण्याबद्दल बोलणारा म्हणाला, "मला संशय होताच." पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्षांचे व्यापारी मात्र ऐकून घेऊन हसले, चहा प्यायले आणि अर्धं उघडलेलं मशीन टेम्पोत घालून घेऊन गेले. त्याच्यासाठी मी भरलेला ट्रान्सफॉर्मर फळीवर तसाच आहे. दुसऱ्या कुठल्या मशीनला तो बसत नाही. त्यांच्यावर राग नाही. पण ते मशीन गाताना कसं लागलं असतं, ते कळायला हवं होतं असं अजून वाटतं.

पण हे सगळं नंतरचं; त्या पौर्णिमेच्या संध्याकाळी आम्ही दोघं पगारेसाहेबांच्या वस्तीत गेलो. मिस्त्री पुढे पुरुषांत बसले, मी पार मागे, बायकांत. अंक काढणाऱ्या, साहेबांच्या घरच्या पगारेबाईंची ओळख तेव्हाच झाली, त्या माझ्या शेजारी होत्या. तात्यांना दोघांनी धरून माइकपुढे बसवलं. पांढरा सदरा, हातात डफ. पगारेसाहेबांनी मशीनचं बटण दाबलं.

तात्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज काही नाही.

मी मनात मोजत होते. चार, पाच. मांडवात कुजबुज सुरू झाली. "गेलं वाटतं!" आठ, नऊ. कुणीतरी ओरडलं, "दुसरं लावा रे, नवं लावा!" कार्यक्रमाचा एक पुढारी मशीन बंद करायला उठला. तात्या गोंधळून इकडेतिकडे बघायला लागले. तेरा, चौदा. पगारेसाहेबांनी मान वर केली. पुढेच बसलेल्या मिस्त्रींकडे त्यांनी पाहिलं नाही. सगळ्यांच्या डोक्यांवरून ते थेट मागे बायकांत शोधत होते. मी सापडले तसा त्यांनी हातानं प्रश्न केला, काय करू?

त्यांच्या मागोमाग सगळा मांडव वळून माझ्याकडे बघायला लागला.

मी उभी राहिले आणि हात वर केला. थांबा.

पुढारी थांबला. तात्याही थांबले. एकोणीस, वीस, एकवीस. बाजूच्या झाडावर बांधलेल्या कर्ण्यातून घरघर आली. आणि तिच्यामागून पहिला आवाज आला तो तात्यांच्या खोकल्याचा. असा भरदार खोकला की पुढची दोन मुलं दचकली. तात्यांनी मान तिरपी करून तो ऐकला. आपलाच आहे, हे पटल्यासारखे हसले.

"काय रे," कर्णा म्हणाला, "झोपलात का काय सगळे?"

मांडव हसला, डफावर थाप पडली, गाणं सुरू झालं. माझा हात मात्र वरच राहिला होता. पगारेबाईंनी तो धरून खाली घेतला, तेव्हा मी बसले.